हजेरीपट कोणाच्या हाती?

‘सहयोगाचे तंत्रज्ञान’ हा आजच्या व्यवस्थापनशास्त्राचा लाडका मंत्र आहे. मोबाईलमुळे माणसे जोडली गेली, वरिष्ठ आणि कनिष्ठ ही उतरंड मोडली, प्रत्येक जण नेता झाला आणि प्रत्येकाच्या प्रतिभेला वाव मिळाला, असा त्याचा महिमा गायिला जातो. हा महिमा गाणारे मुंबईकर पंडित ज्या भातसा आणि तानसा धरणांचे पाणी पितात, ती धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी खाली जाते आणि पाड्याच्या वाट्याला कोरडी विहीर येते. नव्या तंत्रज्ञानाचा हिशेबही याहून वेगळा नाही. माहिती वर जाते, हुकूम खाली येतो आणि या एकमार्गी व्यवहाराला ‘सहयोग’ असे गोंडस नाव दिले जाते.

सहयोग ही वस्तू शहापूर-मुरबाडच्या कष्टकऱ्यांना कोणा कंपनीने शिकविण्याची गरज नव्हती. भातलावणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतावर राबण्याची सावड येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सावडीत कोणाचे शेत आधी लावायचे हे राबणारेच ठरवितात, आणि आज कोण आले, कोण आले नाही हे सर्वांना ठाऊक असते. म्हणजे कामाचा हिशेब काम करणाऱ्यांच्याच हाती असतो. कोणत्याही तंत्राला हीच कसोटी लावली पाहिजे. माणसे किती वेगाने जोडली गेली हा प्रश्न दुय्यम आहे. हिशेब कोणाच्या हाती गेला हा प्रश्न मुख्य आहे.

रोजगार हमीचे उदाहरण घ्यावे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात महाराष्ट्रात उभी राहिलेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली, आणि २००५ साली संसदेने तो हक्क ग्रामीण भारताला दिला. या हक्काचे हत्यार म्हणजे हजेरीपट. तो कामावर असे, मजुराला तो पाहता येई, वाचून घेता येई, आणि ग्रामसभेत त्यावर भांडता येई. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने हजेरीसाठी मोबाईलचे अ‍ॅप आणले आणि १ जानेवारी २०२३ पासून ते जवळजवळ सर्व सार्वजनिक कामांवर सक्तीचे केले. मजुरांची छायाचित्रे दिवसातून दोनदा, ठिकाण आणि वेळ यांच्या नोंदीसह दिल्लीच्या यंत्रणेकडे पाठविणे बंधनकारक झाले.

या सक्तीचा अर्थ सह्याद्रीच्या पायथ्याशी काय होतो? जेथे दोन डोंगरांच्या बेचक्यात नेटवर्क सापडत नाही, तेथे घाम गाळूनही हजेरी लागत नाही. महाराष्ट्रात मजुरी मोजमापावर मिळते. खोदलेली माती मोजून पैसे. मग सकाळी लवकर येऊन नेमून दिलेले काम संपविलेल्या बाईने दुपारच्या छायाचित्रासाठी उन्हात का थांबावे? पैसे कामाचे आणि पहारा वेळेचा, असा हा दुहेरी फास आहे. छायाचित्र चढले नाही तर तिने दाद मागायची कोणाकडे? ग्रामरोजगार सेवक म्हणतो, अ‍ॅप घेत नाही. तहसील कचेरी म्हणते, वरून आहे. मुकादमाशी भांडता येत होते. अ‍ॅपशी भांडता येत नाही. अन्याय करणारा हात दिसेनासा करणे हे या तंत्राचे सर्वांत मोठे यश आहे.

यावर भ्रष्टाचाराचा युक्तिवाद पुढे केला जातो, आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. कागदी हजेरीपटावर खोटी नावे लागत होती, ठेकेदार आणि अधिकारी त्यावर पोसले जात होते, हे खरे आहे. परंतु अ‍ॅपने ते थांबले काय? ८ जुलै २०२५ च्या परिपत्रकात केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच कबूल केले की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, छायाचित्रांचीच काढलेली छायाचित्रे यंत्रणेत चढविली जात आहेत. चोराने नवी वाट शोधली आणि प्रामाणिक मजूर मात्र अडकला. यावर उपाय म्हणून मंत्रालयाने काय योजले? छायाचित्रे तपासण्याचे काम अधिकाऱ्यांच्या उतरंडीवर सोपविले. खोटी हजेरी जेव्हा जेव्हा उघडकीस आली, तेव्हा ती गावाने एकत्र बसून नावे मोठ्याने वाचल्यामुळे आली. सामाजिक अंकेक्षणाची तरतूद २००५ च्या कायद्यात होतीच. ती बळकट करण्याऐवजी गावावर अविश्वास आणि यंत्रावर विश्वास, हे धोरण स्वीकारले गेले.

हे धोरण आता कायद्याच्या कलमांतच जाऊन बसले आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. १०० ऐवजी १२५ दिवसांचा डंका पिटण्यात आला. परंतु बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार, शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद, आणि बायोमेट्रिक ओळख व मोबाईलवरील देखरेख यांना कायद्याचे अधिष्ठान, हे त्याचे खरे अंतरंग आहे. हमी पातळ होते आणि पहारा घट्ट होतो.

हाच प्रकार गावातील आशा स्वयंसेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्या वाट्याला आला. सरकारच्या लेखी आशा ही कामगार नाही, ‘स्वयंसेविका’ आहे. पगार नाही, मोबदला आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर रात्री दहा वाजता आलेला आदेश तिने पाळलाच पाहिजे. कामाला वेळ नाही आणि वेळेला दाम नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले, ते यंत्राच्या भीतीपोटी नव्हे. इंग्रजीतील अ‍ॅप भरण्याची सक्ती आणि वारंवार बंद पडणारे फोन यांमुळे त्यांचे खरे कामच मागे पडत होते. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देण्यासाठी लाभार्थींचा चेहरा यंत्राने ओळखणे सक्तीचे झाले. ज्या बाळंतिणीला सेविका नावाने हाक मारते, तिची ओळख पटविण्यासाठी तिला यंत्राची परवानगी लागावी, यापरता श्रमाचा अपमान कोणता? सेविकेचे कसब गाण्यांत, गोष्टींत आणि बुजऱ्या पोराला बोलते करण्यात आहे. त्याला अ‍ॅपमध्ये रकाना नाही. ज्याला रकाना नाही ते काम नव्हे, असे एकदा ठरले की सर्जनशीलतेची भाषा ही निव्वळ थट्टा ठरते.

तरीही मोबाईल खाडीत फेकून द्यावा, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये राज्यातील आशा संपावर गेल्या. ऑनलाईन कामाची सक्ती नको, ही त्यांची एक मागणी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या शहापूरहून पायी ठाण्याला धडकल्या, मुंबईच्या आझाद मैदानात ठाण मांडून बसल्या, आणि मार्चमध्ये मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ त्यांनी शासनाकडून मिळविली. ज्या फोनवर हुकूम येत होते, त्याच फोनवरून संपाचे निरोपही गेले. परंतु निरोपाने संप झाला नाही. वर्षानुवर्षे तालुक्या-तालुक्यांत घेतलेल्या बैठका, भरलेली वर्गणी आणि एकमेकींच्या घरी खाल्लेली भाकर यांतून तो झाला. यंत्र संघटनेच्या हाती होते. संघटना यंत्राच्या हाती नव्हती.

हा भेद समाजवादी कार्यकर्त्यांनीही स्वतःला लावून पाहिला पाहिजे. डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो यंत्र माणसाच्या ताब्यात राहावे म्हणून. आज खिशात मावणारे यंत्र लहान आहे, पण त्याची मालकी मूठभर प्रचंड कंपन्यांकडे आहे. अशा यंत्रावर तालुका शाखेचा गट काढला, नेत्याचे भाषण पुढे ढकलले, चार अंगठे उमटले, की काम झाले असे समाधान चळवळीत शिरले आहे. गटाचा चालक हा निवडून आलेला पदाधिकारी नसतो. तरी कोणाला ठेवायचे आणि कोणाला काढायचे हे तोच ठरवितो. विरोधी मत देणारा सभेत उभा राहून बोलू शकतो, गटातून मात्र एका बोटाने नाहीसा होतो. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेथे गेलेल्या मोजक्या वारल्यांनी परतून पाड्यापाड्यांत तोंडी निरोप दिला आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. तो निरोप परिणामकारक ठरला, कारण सांगणारा ऐकणाऱ्यांच्या समोर उभा होता आणि जबाबदार होता.

तेव्हा मागण्या स्पष्ट मांडल्या पाहिजेत. अ‍ॅप असो वा नसो, प्रत्येक कामावर कागदी हजेरीपट राहिला पाहिजे, त्यावर मजुराची सही वा अंगठा झाला पाहिजे, आणि वाद झाल्यास तोच पुरावा मानला पाहिजे. यंत्रातील दोषामुळे कोणाचीही मजुरी बुडता कामा नये. आशा व अंगणवाडी सेविकांना कामगाराचा दर्जा मिळाला पाहिजे, आणि कामाच्या वेळेबाहेर आलेला आदेश बंधनकारक असता कामा नये. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. गावातून गोळा होणारी प्रत्येक माहिती प्रथम त्या ग्रामसभेपुढे मराठीत वाचली गेली पाहिजे.

आणि संघटनेपुरता एक नियम आजच करता येईल: निरोप गटावर, निर्णय बैठकीत. येत्या ग्रामसभेला प्रत्येक शाखेने आपल्या गावाच्या मजुरीच्या नोंदी छापून न्याव्यात आणि नाव घेऊन वाचाव्यात. ज्या बाईचे नाव त्या यादीत नसेल, ती उठून उभी राहील. तिच्या मागे शाखा उभी राहते की नाही, यावरच चळवळीची पारख होणार आहे.