विधी महाविद्यालय निवडताना

निवृत्तीनंतर म्हैसूरच्या बोगादीत स्थायिक झालो, तेव्हापासून दर उन्हाळ्यात शेजारपाजारचे पालक मुलांच्या प्रवेशाविषयी विचारायला येतात. यंदा आलेल्या मुलीपुढे दोन वाटा होत्या. दूरच्या राज्यातील राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळण्याची शक्यता होती, पण त्यासाठी वडिलांना काही लाखांचे कर्ज काढावे लागणार होते. दुसरी वाट म्हैसूरमध्येच, घरी राहून शिकण्याची. ‘‘काका, मोठे नाव घ्यावे की जवळचे गाव?’’ तिचा हा प्रश्न एका घरापुरता नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला जुना काळ आठवतो. म्हैसूर विद्यापीठ १९१६ साली स्थापन झाले, तरी कायदा शिकण्यासाठी संस्थानातील अनेक तरुणांना बाहेर जावे लागे. पुढे मंड्या जिल्ह्यात गणल्या गेलेल्या पांडवपुराजवळचे ई. एस. वेंकटरामय्या पुण्याच्या आणि बेळगावच्या विधी महाविद्यालयांत शिकले आणि १९८९ साली देशाचे सरन्यायाधीश झाले. गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड हे सरन्यायाधीशही पुण्याच्या त्याच आयएलएस महाविद्यालयाचे, तर शरद बोबडे नागपूर विद्यापीठाचे. त्या काळी प्रादेशिक शहरातील महाविद्यालय ही दुय्यम निवड मानली जात नसे.

चित्र पालटले ते बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयामुळे. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९८८ साली बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे वर्ग सुरू झाले. तो प्रयोग यशस्वी ठरला आणि राज्योराज्यी तशी विद्यापीठे निघाली. २००८ पासून त्यांतील बहुतेकांसाठी ‘क्लॅट’ ही सामाईक परीक्षा आली. मात्र गुणवत्तेच्या या बेटांभोवती सामान्य महाविद्यालयांचा समुद्र तसाच राहिला. कायद्याचे बहुसंख्य विद्यार्थी आजही तिथेच शिकतात आणि तालुका न्यायालयात गरिबाची बाजू मांडणारा वकील बहुधा तिथूनच येतो.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ ने विधी शिक्षणाचा दर्जा राखण्याची जबाबदारी बार कौन्सिल ऑफ इंडियावर सोपवली. त्याच कौन्सिलने ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या विधी महाविद्यालयांवर तीन वर्षांची बंदी घातली. घसरत्या दर्जाची ही कबुलीच होय. पण नवे दार बंद केल्याने जुने घर आपोआप दुरुस्त होत नाही. मान्यतेची तपासणी कागदोपत्री न उरता अध्यापक, ग्रंथालय आणि प्रत्यक्ष तासांची झाली पाहिजे, आणि तिचे अहवाल पालकांना सहज वाचता आले पाहिजेत.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. त्यामुळे न्यायालयाशी लवकर ओळख होण्याचे महत्त्व वाढले आहे. कनिष्ठ न्यायालयांत कर्नाटकात कन्नड आणि महाराष्ट्रात मराठी चालते. पक्षकाराची भाषा न कळणारा पदवीधर तेथे अर्धाच वकील ठरतो.

म्हणून त्या मुलीला मी उत्तराऐवजी प्रश्नच दिले. महाविद्यालयाची मान्यता चालू आहे काय? पूर्णवेळ अध्यापक किती, आणि ते टिकतात काय? ग्रंथालय संध्याकाळी उघडे असते काय? अभिरूप न्यायालय आणि विधी साहाय्य केंद्र खरोखर चालते, की केवळ माहितीपुस्तकात असते? शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फाटकाबाहेर गाठून हे विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कर्जाचा हप्ता आपल्याला मनाविरुद्धच्या नोकरीत ढकलणार नाही ना? तिला फौजदारी वकिली करायची आहे. त्या क्षेत्रात पहिली काही वर्षे मिळकत तुटपुंजी असते; हप्ता मात्र थांबत नाही.

उत्तम शिक्षण मिळाले तर मोठ्या विद्यापीठासाठी काढलेले कर्ज वाया जात नाही, हेही खरे. परंतु चांगला वकील होण्यासाठी घर गहाण टाकावे लागत असेल, तर दोष त्या मुलीच्या निवडीचा नव्हे, तिच्यापुढे दोनच वाटा ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. बोगादीतून दुचाकीवर जाता येईल असे विधी महाविद्यालयही निःशंक मनाने निवडता यावे, एवढी जबाबदारी शासनाने आणि बार कौन्सिलने घेतलीच पाहिजे.