हृदयरोग्याच्या हिरड्याही पाहा

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रुग्ण समोर बसला, की मी आधी कोलेस्टेरॉल, साखर आणि रक्तदाब पाहतो. ते पाहायलाच हवेत. पण कराड भागात इतकी वर्षे प्रॅक्टिस केल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की तेवढ्यावर फाइल मिटणे चूक आहे.

धमनीतला थर नुसता चरबीचा नसतो. रक्तातल्या मोनोसाइट पेशी त्यात शिरतात, चरबी गिळून फुगतात आणि दाह धुमसत ठेवतात. या पेशी जन्मजात प्रतिकारशक्तीच्या. त्यांना स्मृती नसते, असे आम्हाला कॉलेजात शिकवले होते. नेदरलँड्समधल्या मिहाई नेतेआ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वेगळे मांडले : एकदा चेतलेल्या या पेशी पुढच्या खेपेला अधिक जोराने पेटतात. मोनोसाइट फार दिवस जगत नाहीत, पण ती स्मृती त्या जिथे तयार होतात त्या अस्थिमज्जेत राहते. बॉनच्या संशोधकांनी उंदरांना चार आठवडे चरबी-साखरेचा आहार दिला आणि मग नेहमीचे खाणे सुरू केले. रक्तातला दाह ओसरला, अस्थिमज्जा मात्र चेतलेलीच राहिली. हिरड्यांच्या आजारानेही उंदरांत असेच घडते, हे २०२२ मध्ये दिसले.

दाह रोखल्याने हृदयाचा धोका घटतो, याचा माणसांतला पुरावा २०१७ च्या कँटॉस चाचणीने दिला. त्यात दहा हजारांवर हृदयरुग्ण होते. दाह रोखणाऱ्या औषधाच्या एका मात्रेने, कोलेस्टेरॉल न घटताही, झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. ते औषध सगळ्यांसाठी नाही.

आपल्या हातात साधे उपाय आहेत. फ्लू झाल्यावर पहिल्या सात दिवसांत झटक्याचा धोका सहापट होतो, असे कॅनडातल्या नोंदी सांगतात. झटक्यानंतर लगेच फ्लूची लस दिलेल्यांत वर्षभरातले मृत्यू कमी आढळले. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक बाया रोज मिश्री लावतात. हिरड्या सुजलेल्या, दात हलणारे. त्यांची अँजिओग्राफी होते, पण तोंड उघडून कुणी पाहत नाही. हिरड्यांच्या उपचाराने झटके टळतात, हे अजून सिद्ध नाही. पण तो दाह अंगात ठेवण्याचे कारणही नाही.

गरिबाच्या अँजिओप्लास्टीचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजना उचलते. त्याच रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी फ्लूची लस आणि दंततपासणी मिळालीच पाहिजे, असा नियम सरकारने करावा.