माडावर माणूस चढवण्याआधी पट्टा उजेडात बघा

कोकणातल्या आणि गोव्यातल्या बागायतदारांना, पाडेल्यांना आणि ज्यांच्या परसात एखाद-दुसराच माड आहे अशा घरांनाही हे कळकळीचं आवाहन आहे.

मिरग तोंडावर आला आहे. येत्या काही दिवसांत पोफळींवर बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी होईल. कौलांवर झुकलेल्या माडांचे नारळ आणि वाळकी चुडतं पावसाआधी उतरवली जातील. या घाईत मांगरातून, पडवीच्या कोपऱ्यातून चढायची मशीन, पट्टे आणि दोर बाहेर निघतील आणि धूळ झटकून थेट खोडाला लावले जातील. कृपा करून तसं करू नका. आधी ते जमिनीवर, दिवसाच्या उजेडात तपासा. जो चढणार आहे त्याने स्वतःच्या हातांनी तपासावं, आणि ज्याची बाग आहे त्याने शेजारी उभं राहून बघावं.

आपल्याकडचा बाणवली माड सहज पंधरा मीटरच्या वर जातो. पंधरा मीटरवरून हात सुटला तर माणूस पावणेदोन सेकंदांत खाली येतो आणि जमिनीला लागतो तेव्हा त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या पुढे असतो. सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून जे काही बघायचं ते पाय जमिनीवर असतानाच.

जुना पाडेली पायातला काथ्याचा फास स्वतः वळायचा. तो कधी झिजला, कुठे विरला हे त्याच्या पायांनाच कळायचं. मशीनचं तसं नाही. केरळच्या कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या जोसेफ यांच्या नावाने ओळखलं जाणारं मशीन आज गावोगाव दिसतं. त्याने मोठी सोय केली, पिढीजात पाडेली नसलेली मुलं आणि बायकाही माडावर चढू लागल्या, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण मशीन लोखंडाचं आहे म्हणून ते भक्कमच असणार, असं आपण धरून चालतो. शेजाऱ्याचं मागून आणतो, काम झालं की परत देतो. मधल्या काळात ते कुणी वापरलं, कुठे आपटलं, हे कुणालाच ठाऊक नसतं. असं मशीन आपल्या हातात पहिल्यांदाच आलंय असं समजून ते तपासलं पाहिजे.

या मशीनचा सगळा जीव खोडाभोवतीच्या दोन वायर रोपमध्ये आहे. एका पायावर भार आला की त्या बाजूचा रोप खोडाला आवळतो आणि दुसरा पाय वर सरकवता येतो. तेव्हा चिंधी हातात घेऊन रोपवरून सावकाश पूर्ण फिरवा. तुटलेली बारीक तार असेल तर चिंधी अडकते. नुसता हात फिरवू नका, तार बोटात घुसते. रोप जिथे कडीत वळतो आणि जिथे क्लॅम्पने दाबलेला असतो तिथे जास्त वेळ थांबा, कारण गंज आणि तूट तिथूनच सुरू होते. तारा तुटल्या असतील, पीळ उसवला असेल किंवा रोप मुरडून तिथे कायमचा बाक आला असेल, तर तो रोप बाद. मग खोडाला टेकणारं रबर बघा. ते गुळगुळीत झालं असेल तर शेवाळलेल्या खोडावर ते धरणार नाही. जोडाच्या वेल्डिंगवर केसासारखी रेघ दिसली तर वर रंग मारून ती झाकू नका.

पोफळीवाल्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. बोर्डो नीट जमलं की नाही हे बघायला आपण त्यात विळा बुडवतो. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा राहिला, अजून चुना हवा, हे प्रत्येक बागायतदाराला माहीत आहे. तोच मोरचूद फवारताना वायर रोपवर, बकलांवर आणि हुकांवर पडत असतो. लोखंडाला तो खातो. त्यात आपली खारी हवा. म्हणून फवारणी संपली की त्याच दिवशी सगळं साहित्य साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. गेल्या वर्षी फवारून तसंच टांगून ठेवलेलं साहित्य यंदा जास्तच बारकाईने बघा.

आता पट्टा. नुसता कमरेचा पट्टा पडणाऱ्या माणसासाठी पुरेसा नाही. झटका सगळा पोटावर आणि कण्यावर बसतो. मांड्या, खांदे आणि छाती धरणारा पूर्ण हार्नेस घ्या आणि घेताना त्यावर आयएस ३५२१ या भारतीय मानकाची खूण आहे का ते वाचा. हार्नेसची प्रत्येक पट्टी हातात घेऊन उलटी वाकवा म्हणजे विरलेले धागे वर येतात. शिवण उसवलेली, रंग उडून पट्टी कडक झालेली, कुठे वितळून चकाकी आलेली, उंदराने कुरतडलेली, यांतलं काहीही दिसलं तरी तो हार्नेस बाद. नारळाच्या खोलीत उंदीर असतातच, म्हणून तो तिथे ठेवूच नका. खताच्या गोणीजवळ आणि बॅटरीजवळही नको. हुकाची जीभ सोडली की आपोआप, पूर्ण मिटली पाहिजे. अडकत असेल तर धुऊन बघा, तरी अडकली तर तो हुक वापरू नका. आणि एकदा कुणी त्या पट्ट्यावर खरोखर पडून लटकलं असेल, तर वरून कितीही चांगला दिसला तरी तो पुन्हा वापरायचा नाही. आतले धागे ताणले गेलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत.

बाजारात गाठोडी बांधायला मिळणारा निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर माणसाच्या जिवासाठी बनवलेला नसतो. उन्हात तो लवकर ठिसूळ होतो. त्यावर कुणालाही चढवू नका.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बाद झालेल्या साहित्याची. आपल्या घरांत काही टाकून देत नाहीत. उसवलेला पट्टा गोठ्यात जातो, त्याने वासरू बांधतात, आणि दोन वर्षांनी कुणी घाईत असला की तोच पट्टा खुंटीवरून निघून त्याच्या कमरेला येतो. त्यामुळे बाद ठरवलं की तिथल्या तिथे कापा. पट्ट्याचे तुकडे करा, वायर रोप छिन्नीने तोडा. पैसे गेले याचं वाईट वाटेल, पण कापाच.

बागायतदारांनो, पाडेली “आज नको, रोप बरा दिसत नाही” म्हणाला तर त्याला आळशी ठरवू नका. त्याची त्या दिवसाची मजुरी द्या. मजुरी बुडेल या भीतीनेच माणूस दिसत असलेली तूट न बघितल्यासारखी करतो. कुणालाही एकटं चढवू नका. पट्ट्याने पडण्यापासून वाचवलं तरी बेशुद्ध होऊन लटकलेल्या माणसाला मिनिटांतच धोका होतो, त्याला लवकर खाली घ्यावं लागतं. खाली एक माणूस, त्याच्याजवळ फोन, आणि १०८ हा नंबर त्याला तोंडपाठ. जमिनीवर पडलेल्याला मात्र उचलून रिक्षात कोंबू नका, मान आणि कणा हलू देऊ नका.

ग्रामपंचायती, विकास सोसायट्या, कृषी विज्ञान केंद्रं आणि तालुका कृषी कार्यालयांना हात जोडून विनंती आहे की मिरगाआधीची एक सकाळ यासाठी ठेवा. गावातली सगळी मशीन आणि पट्टे एका अंगणात आणायला सांगा, जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, आणि बाद साहित्य तिथेच कापून टाका. नारळ विकास मंडळाची पाडेल्यांसाठी ‘केरा सुरक्षा’ ही अपघात विमा योजना आहे. तिचे अर्ज त्याच सकाळी भरून घेता येतील.

फवारणीचा दिवस ठरला असेल, तर आदल्या रात्री नव्हे, चार दिवस आधी साहित्य बाहेर काढा. रोप बदलायचा निघाला तर तो आणायला तालुक्याला जावं लागेल, आणि पहिला पाऊस पडला की तेवढा वेळ कुणी काढणार नाही.