घरांतील शाळा : मुलाचा पहिला चष्मा

गेल्या महिन्यांत एका वाचक-भगिनींचें पत्र आलें. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलास डॉक्टरांनीं चष्मा सांगितला आहे. नंबर उणे दीड. मुलगा तो लावावयास तयार नाहीं. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा पोराला चाळशी कसली? एकदां लागली म्हणजे जन्माची लागली." यजमानांचें म्हणणें, परीक्षा होईपर्यंत थांबूं. "अशा वेळीं आईनें काय करावें?" असा त्या भगिनींचा प्रश्न आहे. हा प्रश्न एकाच घरचा नाहीं, म्हणून उत्तर येथें देतों. परंतु उपदेशापूर्वीं माझी स्वतःची एक चूक सांगणें मला प्राप्त आहे.

नोकरीच्या पहिल्या चार-पांच वर्षांतली गोष्ट. माझ्या वर्गांत एक उंच, अबोल मुलगा होता. उंच म्हणून मीं त्याला शेवटच्या बाकावर बसविलें होतें. तोंडीं विचारलें तर शब्दरूपें घडाघड म्हणे. पण फळ्यावरचें उतरवून घ्यावयास सांगितलें कीं विसर्ग गाळी, अनुस्वार भलत्याच अक्षरावर देई, 'घ' चा 'ध' आणि 'भ' चा 'म' करी. मीं तें निष्काळजीपणाचें लक्षण मानलें. दहा-दहा वेळां लिहिण्याची शिक्षा दिली, आणि एकदां तर त्याची वही उंच धरून भर वर्गाला दाखविली. तो कांहीं बोलला नाहीं. उन्हाळ्याच्या सुटींत त्याच्या मामांनीं त्याचे डोळे तपासून घेतले, आणि शाळा उघडली तेव्हां तो चष्मा लावून आला. तास संपल्यावर जवळ येऊन म्हणाला, "सर, विसर्गाचे दोन ठिपके फळ्यावर असतात, ते आज दिसले. मला वाटायचं, बाकीच्यांना ते पाठ असतात."

मीं त्या मुलाची क्षमा मागितली नाहीं. शिक्षकानें विद्यार्थ्याची क्षमा मागण्याची रीत नव्हती, असें मी पुष्कळ वर्षें मनाला सांगत आलों. खरें कारण एवढेंच कीं मला लाज वाटली.

या गोष्टींतून घेण्यासारखें तें हें कीं, ज्याला कमी दिसतें तें मूल "मला दिसत नाहीं" असें सहसा सांगत नाहीं. इतरांना किती दिसतें हें त्यास ठाऊकच नसतें. आपल्याला दिसतें तेंच जग असें तें समजतें. म्हणून ओळखावयाचें तें मोठ्यांनीं. डोळे बारीक करून पाहणें, पुस्तक नाकाशीं धरणें, दूरदर्शनसंचाच्या अगदीं जवळ जाऊन बसणें, मान तिरपी करणें, शेजाऱ्याच्या वहींतून उतरविणें, वरचेवर डोळे चोळणें, या खुणा दिसल्या कीं मुलास रागें भरूं नये, तपासून घ्यावें. एकाच डोळ्यांत दोष असला तर यांपैकीं कोणतीच खूण दिसत नाहीं. दुसरा डोळा सर्व काम निभावून नेतो. यासाठीं खेळतां खेळतां एकेक डोळा तळहातानें झांकून समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेचे आंकडे वाचावयास सांगावे.

आतां दोष म्हणजे काय, हें थोडक्यांत पाहूं. जन्मतः डोळ्याचा गोल पुढून मागें सुमारें १७ मिलिमीटर असतो; वाढतां वाढतां तो सुमारें २४ मिलिमीटर होतो. ही वाढ जरूरीपेक्षां अधिक झाली तर दूरच्या वस्तूची प्रतिमा मागच्या पडद्यावर न पडतां त्याच्या अलीकडे पडते, आणि पडद्यावर येतो तो तिचा पसरलेला धूसर ठसा. एका मिलिमीटरची जादा लांबीसुद्धां नंबरांत सुमारें अडीच-तीनांचा फरक पाडते. मध्यें खोलगट भिंग धरलें कीं प्रतिमा मागें सरकून जागेवर येते. याचा उलगडा जर्मन ज्योतिषी केप्लर यानें १६०४ सालीं केला. डॉक्टरांच्या भिंतीवरील अक्षरांचा तक्ता डच नेत्रवैद्य स्नेलेन याचा, १८६२ सालचा. सहा मीटरांवरून ज्याला नऊ मिलिमीटरांहूनहि किंचित लहान अक्षर वाचतां येतें, त्याची दृष्टि 'सहा बाय सहा'. साठ मीटरांवरून जें अक्षर निरोगी डोळ्यास वाचतां यावें, तेंच ज्यास सहा मीटरांवर यावें लागतें, त्याची 'सहा बाय साठ'.

सासूबाईंच्या शंकेचें उत्तर यांतच आहे. 'चाळशी' हा शब्द चाळिसावरून आला. चाळिशीनंतर डोळ्यांतील भिंगाची लवचिकता कमी होऊन जवळचें वाचतां येईनासें होतें, आणि तेव्हां फुगीर भिंग लागतें. मुलाला दूरचें दिसत नाहीं, आणि त्याचें भिंग खोलगट. दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. नातवाला आजीचें वार्धक्य आलेलें नाहीं.

दुसरा समज, चष्म्यानें नंबर वाढतो. मुलाचा सदरा दरवर्षीं आखूड होतो तो सदऱ्याच्या दोषानें नव्हे, मूल वाढतें म्हणून. नंबराचेंहि तसेंच. २००२ सालीं मलेशियांतील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कांहीं मुलांस पूर्ण नंबराचा व कांहींस मुद्दाम कमी नंबराचा चष्मा देऊन दोन वर्षें पाहिलें. कमी नंबर दिलेल्यांचाच दोष अधिक वाढला. तेव्हां "थोडा कमीच द्या, डोळ्यांना संवय नको" असा आग्रह डॉक्टरांपाशीं धरूं नये. गाजरें अवश्य खावींत. त्यांपासून शरीरांत होणारें अ-जीवनसत्त्व रातांधळेपणापासून राखतें. पण लांबलेला डोळा त्यानें आखूड होत नाहीं.

यजमानांस माझी विनंति अशी कीं परीक्षेसाठीं थांबूं नये. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याहून बराच अधिक असला, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारें अस्पष्ट चित्र हळूहळू सोडून देतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आंत चष्मा देऊन, प्रसंगीं चांगला डोळा रोज कांहीं वेळ झांकून, तो बहुधा सुधारतो. पुढें पुढें तें कठीण होत जातें.

मुलगी असल्यास आणखी एक कुजबूज घरांत ऐकूं येते : पुढें लग्नाच्या वेळीं कसें व्हावयाचें? या विचारापायीं फळा न दिसतां वर्षानुवर्षें बसलेल्या मुली मीं पाहिल्या आहेत. वीस वर्षांनंतरच्या एखाद्या अनोळखी घराच्या पसंतीसाठीं आजची दृष्टि गहाण ठेवणें हा कोणता शहाणपणा, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

चष्मा हें आधुनिकांचें खूळ असें मानणाऱ्या वडील मंडळींसाठीं एक प्रमाण देतों. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं आपल्या देशांतील चष्म्याच्या इतिहासावर निबंध लिहिला आहे. त्यांत विजयनगरचे माध्व यति व्यासराय यांच्या संस्कृत चरित्राचा दाखला आहे. व्यासराय १५३९ सालीं निवर्तले. सोमनाथ कवीच्या या चरित्रांत, १५२० च्या सुमारास, ते चष्मा लावून पोथी वाचीत असल्याचा उल्लेख असून चष्म्यास 'उपलोचनगोलक' असा भारदस्त शब्द योजिला आहे. यतींना जें वर्ज्य नव्हतें तें बटूंना कां असावें?

आतां आमच्या घरचा अनुभव. गेल्या वर्षीं माझ्या नातीला, ती तिसरींत असतांना, चष्मा लागला. चुलत भावाच्या मुंजींत आपली मुंज होत नाहीं म्हणून ती आधींच खट्टू होती. मीं तिला सांगितलें, "'उपनयन' हा शब्द निराळ्या रीतीनें फोडला तर उप म्हणजे जवळ आणि नयन म्हणजे डोळा; डोळ्याजवळचा दुसरा डोळा. तेव्हां आठव्या वर्षीं तुझंच खरं उपनयन." फ्रेम तिनें स्वतः निवडली. त्या दिवशीं घरीं शिरा झाला, आणि तिनें सर्वांस नमस्कार केला. मूल आपण होऊन निवडतें तें अंगावर ओझें वाटत नाहीं, एवढाच या थाटाचा हेतु.

फ्रेम घेतांना एक पथ्य मात्र पाळावें. सदरा आपण वाढत्या अंगाचा घेतों. चष्मा तसा घेऊं नये. तो नाकावर नीट बसावा, कानामागें टोंचूं नये, आणि डोळ्याची बाहुली कांचेच्या मध्याशीं यावी. मुलांसाठीं न फुटणारी पॉलिकार्बोनेटची भिंगें घ्यावीं. आमच्या नागपूरच्या उन्हाळ्यांत घामानें चष्मा सारखा घसरतो. कानामागें लहानशी रबरी अडकवण लावली म्हणजे निभतें.

पहिले आठ-पंधरा दिवस जपण्याचे असतात. जमीन उतरती भासते, वस्तु किंचित लहान दिसतात, जिन्याची पायरी चुकते, कधीं कपाळ दुखतें. मुलास हें आधींच सांगून ठेवावें, म्हणजे तें भीत नाहीं. सुरुवात घरीं, बसल्या कामापासून करावी. जिना उतरतांना चार दिवस हात धरावा. काढतांना-घालतांना दोन्ही हातांनीं धरणें, भिंगें वर करून ठेवणें, साध्या पाण्यानें धुऊन मऊ फडक्यानें पुसणें, हें एकदां शिकवावें आणि मग त्याचें त्याला करूं द्यावें. पदरानें किंवा धोतराच्या सोग्यानें पुसूं नये. धुळीनें भिंगावर चरे पडतात. पंधरा दिवसांनंतरहि डोकें दुखत राहिलें तर मुलास नाटकी न ठरवितां पुन्हां डॉक्टरांकडे जावें. नंबरांत किंवा बसविण्यांत चूक असूं शकते.

आमच्याकडे इतकें सारें यथासांग झालें, आणि तीन आठवड्यांनीं वर्गाच्या बाईंचा निरोप आला कीं मुलगी वर्गांत चष्मा लावीतच नाहीं. घरून निघतांना डोळ्यांवर, फाटकाशीं पोंचली कीं दप्तरांत. पुष्कळ वेळ विचारल्यावर बोलली, "मुलं ढापणी म्हणतात." मी चवताळून शाळेंत जावयास निघालों होतों, सूनबाईंनीं अडविलें. म्हणाल्या, "आबा, तुम्ही जाऊन रागावलात तर उद्यां तिला आणखी एक नांव पडेल." मग मीं नातीला युक्ति शिकविली : "ढापण टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांवर असतं. त्यानं घोड्याला कमी दिसतं. तुला चष्म्यानं जास्त दिसतं. मग ढापण खरं कोणाला? असं विचार त्यांना." तिनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "आबा, असं बोललं तर ते जास्तच चिडवतील." पंडिताची युक्ति घरांतच राहिली.

उपयोगी पडल्या त्या साध्याच गोष्टी. बाईंनीं कोणाला न रागावतां, तिलाच रोज फळ्यावरचें मोठ्यानें वाचून दाखविण्याचें काम दिलें. घरांत "आमची चष्मेवाली" असें कौतुकानेंहि कोणी म्हणावयाचें नाहीं असें ठरलें; कारण घरचें कौतुकाचें नांवच मूल बाहेर शिवी म्हणून ऐकतें. तिच्या आजीनें, जी पाहुण्यांसमोर चाळशी काढून ठेवीत असे, ती तशी काढणें बंद केलें. नातीपेक्षां आजीलाच तें अधिक जड गेलें असावें. दहा-बारा दिवसांत चिडविणाऱ्यांना दुसरा विषय मिळाला.

मग एका संध्याकाळीं अभ्यास करतां करतां नात सहज म्हणाली, "आबा, आमच्या बाई रागीट नाहीत. त्या माझ्याकडे बघून हसतात." वर्षभर तिला लांबून बाईंचा चेहरा दिसत नव्हता. दिसत नव्हता, म्हणून तो रागीट आहे असें तिनें धरून चालविलें होतें. फळ्यावरच्या अक्षरांची मला काळजी होती. माणसाच्या चेहऱ्याचा विचार माझ्या मनांत आलाच नव्हता. मला तो शेवटच्या बाकावरचा मुलगा आठवला. त्या अंतरावरून त्याला माझा चेहरा कसा दिसत असेल? आणि ज्या दिवशीं दिसूं लागला त्या दिवशीं त्यांत त्यानें काय पाहिलें असेल?

शेवटीं दोन सूचना. ज्या भावंडांस अजून चष्मा नाहीं त्यांस मोकळ्या उजेडांत खेळूं द्यावें. चीनमधील ग्वांगझू येथें १२ शाळांत केलेला प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांनीं मुलांस रोज ४० मिनिटें अधिक बाहेर ठेविलें. तीन वर्षांत तेथें शेंकडा ३०.४ मुलांस लघुदृष्टि जडली, इतर शाळांत ३९.५. आपल्याकडे वैशाखांतली दुपार वगळून सकाळ-संध्याकाळ अंगण, गच्ची किंवा अंबाझरीचा कांठ यांचा उपयोग करावा. चष्मा असलेल्यांचे डोळे सहा महिन्यांनीं, निदान वर्षानें, तपासावे. नंबर झपाट्यानें वाढत असल्यास त्याचा वेग कमी करणारे थेंब व विशेष भिंगें आतां निघालीं आहेत, त्यांविषयीं डॉक्टरांस विचारावें.

आणि आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईंच्या मुलांचीहि एकदां विचारपूस करावी. २०१३ सालीं पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते, तींत दृष्टीचाहि समावेश आहे. ही माहिती आपण त्यांस दिली तर एखादें मूल शेवटच्या बाकावरून सुटेल.

पत्र पाठविणाऱ्या भगिनींस एवढेंच सांगतों : चष्मा उद्यांच आणावा, फ्रेम मुलास निवडूं द्यावी, आणि सासूबाईंसच तो त्याच्या डोळ्यांवर प्रथम चढवावयास सांगावें. पुढें काय झालें तें कळवावें.