सहाव्या वर्षाची दाढ

अंबरनाथच्या एका वस्तीतलं शिबिर. सात वर्षांची पोरगी ‘आ’ करून बसलेली, डॉक्टरांच्या टॉर्चखाली मागची दाढ काळी. “दुधाचीच ना? पडेल की,” आई म्हणाली. पण ती दुधाची नव्हती. साधारण सहाव्या वर्षी, एकही दात न पाडता, मागून गुपचूप उगवते ती कायमची.

परदेशातल्या गरीब मुलांसाठी दंतवैद्य विमानाने जातात. इथे बदलापूर लोकल पुरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३पासून शाळा-अंगणवाड्यांत दंतकीडही तपासतात. पुढे दवाखाना गाठायचा तर आईचा रोज बुडतो. शिबिरात ब्रश वाटतात, फोटोही झकास येतात. फ्लोराइडचा लेप मात्र सहा महिन्यांनी पुन्हा द्यावा लागतो. हा अंक त्या दुसऱ्या फेरीला जाणाऱ्यांचा.