कवीचे चरित्र पहिल्या आवृत्तीतच जपा

कवीची कविता कोणत्याही चांगल्या आवृत्तीत वाचावी. त्याचे चरित्र मात्र पहिल्या आवृत्तीत जपून ठेवावे. जुन्या पुस्तकांच्या संग्राहकांना हे उलटे वाटेल. त्यांची धाव कवितासंग्रहाच्या पहिल्या छपाईकडे असते. चरित्र काय, नंतर कुणीतरी लिहिलेले आणि पुढे सुधारून वाढवलेले, तेव्हा ताजी आवृत्ती तेवढी खरी, असा समज रूढ आहे. पण कवितेचा पाठ संपादक पुन्हा पुन्हा मुळाशी ताडतात आणि पाठभेद तळटीपेत देतात. चरित्राच्या वाट्याला ही शिस्त क्वचितच येते. ते दर आवृत्तीत बदलते, पण काय बदलले आणि का, हे बहुधा सांगत नाही. तुकोबांचे जन्मवर्ष अभ्यासकांपैकी राजवाडे १५६८ मानत, भावे १५९८ आणि पांगारकर १६०८. आज १६०८ रूढ झाले आहे. ते बरोबर असेलही. पण बाकीची दोन वर्षे कोणत्या कागदांच्या जोरावर मांडली गेली होती आणि ती का मागे पडली, हे पाहायचे तर त्या त्या वेळची पुस्तकेच उघडावी लागतात. नुसता शेवटचा आकडा हाती आला की वाद संपल्यासारखा वाटतो, एवढेच.

वि. ल. भावे यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वता’चे उदाहरण याहून बोलके आहे. मराठी कवींची चरित्रे आणि काव्ये यांचा हा इतिहास प्रथम १८९८-९९च्या सुमारास मासिकातून आला आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १९१९ साली निघाली. या वीस वर्षांत महानुभाव पंथीयांच्या सांकेतिक लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती आली आणि आपल्याच विदर्भात, रिद्धपूरच्या परंपरेत, सहा-सातशे वर्षे जपलेले मराठी वाङ्मय उजेडात येऊ लागले. त्याच पंथातल्या ज्या महदंबेला आज शाळेतली मुलेही आद्य कवयित्री म्हणून ओळखतात, ती मराठी वाचकाला केव्हा भेटली, हे समजायला ही दोन्ही रूपे शेजारी ठेवावी लागतात. पहिले टाकून दुसरेच ठेवले, तर मराठी माणसाला महदंबा पहिल्यापासून ठाऊक होती असा भ्रम होईल. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आत्मकथा खरी, पण रेव्हरंड ना. वा. टिळकांचे इतके जिवंत चरित्र दुसरे नाही. १९३४पासून ती भागाभागाने आली. १९३६मध्ये लक्ष्मीबाई वारल्या. पुढे या आत्मकथेच्या संक्षिप्त आवृत्त्याही निघाल्या. ज्याने फक्त संक्षेप वाचला त्याने टिळक वाचले खरे, पण कुणीतरी निवडून दिलेले.

हे सगळे पुण्या-मुंबईच्या संग्रहालयांनी बघावे, वाशिम जिल्ह्याला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. उलट जपणे आणि न जपणे या दोहोंचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. वाशिम म्हणजे वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आनंदवर्धन, भोज, हेमचंद्र अशा थोरांनी नावाजले. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. इतरांनी दिलेल्या अवतरणांपुरतेच ते उरले. १९३९मध्ये वाशिमला ताम्रपट सापडेपर्यंत त्याची राजशाखाही इतिहासाला नीट ठाऊक नव्हती. आता त्याच जिल्ह्यातले कारंजा पाहा. तिथल्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या जैन परंपरांच्या मंदिरांनी पोथ्या सांभाळल्या. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६च्या सूचीत त्यांची नोंद केली. मग अमरावतीच्या महाविद्यालयातले डॉ. हिरालाल जैन (नावे सारखी, माणसे दोन) आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी दहाव्या शतकातल्या पुष्पदंत या अपभ्रंश कवीचे ग्रंथ संपादित केले. वैद्यांचे ‘जसहरचरिउ’ १९३१ साली आणि जैनांचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली कारंज्याच्याच ग्रंथमालेत छापले गेले. पुष्पदंताचे आईवडील कोण, त्याचे गोत्र कोणते, तो दिसायला कसा होता, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात त्याला आश्रय कुणी दिला, हे त्याच्या ग्रंथांतल्या आत्मपर ओळींवरून कळते. पोथ्या राहिल्या म्हणून कवीला चरित्र मिळाले. पुढे भारतीय ज्ञानपीठाने ‘जसहरचरिउ’ हिंदी अनुवादासह पुन्हा काढले, ते सोयीचेच झाले. तरी कारंज्याची ती पहिली छापील पुस्तके आता स्वतःच जुनी, दुर्मीळ झाली आहेत, आणि त्या मंदिरांच्या भट्टारकांनी (जैन धर्मगुरूंनी) पोथ्यांना दिले तेवढे लक्ष आपण त्यांना दिलेले नाही.

पहिला आक्षेप असा की जुनी कविचरित्रे भाकडकथांनी भरलेली असतात. जनार्दन रामचंद्रजींचे ‘कविचरित्र’ १८६० साली मुंबईत निघाले. त्याला आजच्या संशोधनाच्या कसोट्या लावल्या तर ते टिकणार नाही. मान्य. पण तुकोबांचे खरे वय शोधायला ते पुस्तक कुणी उघडत नाही. १८६०च्या शिकलेल्या मराठी माणसाला कवी म्हणजे काय वाटत होते, त्याने चमत्कार कोणते ठेवले आणि कोणते गाळले, हे शोधायचे असते. तिथे चूकसुद्धा पुरावा ठरते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: सगळे स्कॅन करून ठेवले की कागद कशाला? स्कॅन व्हावेच, आणि लवकर व्हावे. विदर्भातल्या उन्हाळ्याने ठिसूळ झालेला कागद फार वाट पाहणार नाही. मात्र स्कॅन एखाद्याच प्रतीचे होते. तिची मलपृष्ठावरची जाहिरात फाटलेली असेल, वर्गणीदारांची यादी बांधणीत गेली असेल, तर पडद्यावरही ती नसणार. दुसरी प्रत कुठेतरी असल्याशिवाय हे उणेपण ध्यानातही येत नाही.

उरला पैशांचा प्रश्न. तालुक्याच्या वाचनालयात मुले स्पर्धा परीक्षेची पुस्तके मागतात, अनुदान तुटपुंजे, तिथे जुन्या चरित्रांची चैन कशी परवडेल? पण इथे विकत घेण्याचा मुद्दाच नाही. मुंबईच्या लिलावात पहिल्या आवृत्त्यांना काय भाव येतो ते संग्राहकांनी पाहावे. जिल्ह्याच्या जुन्या वाचनालयांत जे आधीच आहे ते रद्दीत जाऊ नये, एवढेच मागणे आहे. निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी करताना ‘जीर्ण’ आणि ‘जुनी आवृत्ती’ हे दोन शेरे एकाच हाताने मारले जातात. खरे तर दुसरा शेरा पुस्तक ठेवण्याचे कारण असायला हवा. १९५०पूर्वी छापलेले कविचरित्र निर्लेखनातून वगळावे, असा ठराव ग्रंथालयाच्या कार्यकारिणीला एका बैठकीत करता येईल. त्याला कपाटाचा एक खण पुरेल.

वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव आणि मानोरा या सहाही तालुक्यांतल्या ग्रंथपालांनी येत्या वार्षिक तपासणीत ही पुस्तके वेगळी काढून त्यांची एक सामायिक यादी करावी. घरात आजोबांच्या ट्रंकेत असे चरित्र असेल तर त्याला नवी बांधणी करू नका, कडा कापू नका, मुखपृष्ठ फेकू नका. आणि ठेवायला जागा नसेल तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी गावच्या वाचनालयात विचारा.