लेखणीबरोबर खतावणीही शिका

बारावीचा निकाल लागला की आमच्या साकोलीत वकिलांकडेही विद्यार्थ्यांची ये-जा सुरू होते. कुणाला प्रतिज्ञापत्र हवे असते, कुणाच्या जातीच्या दाखल्यात नावाची चूक असते. यंदा एक मुलगी वडिलांना सोबत घेऊन आली, ती वेगळाच प्रश्न घेऊन. "काका, बी.कॉम. आणि पत्रकारिता अशा दोन डिग्र्या एकाच वेळी करता येतात का? कायद्यात बसते का?" तिने विचारले. वडील दाराशीच उभे होते. दोन एकर धानाचे शेतकरी. ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्हीच समजवा हिला. एक डिग्री पुरी करता करता आमचा जीव जाते, अन् ही दोन म्हणते. अन् पेपरवाल्याचं पोट तरी भरते का?"

मुलीला उत्तर द्यायला पाच मिनिटे लागली. वडिलांना द्यायचे उत्तर अजून माझ्या डोक्यात घोळते आहे. तो प्रश्न एकट्या त्या बापाचा नाही, आपल्या सबंध चळवळीचा आहे. म्हणून तो इथे मांडतो.

आधी कायद्याचे. पूर्वी एका वेळी एकच पदवी घेता येत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि हे बंधन सैल केले. आता दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसूनही करता येतात. अट एवढीच की दोन्हींच्या तासांच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत. एक अभ्यासक्रम महाविद्यालयात आणि दुसरा दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन, असेही चालते. मात्र दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम आयोगाची मान्यता असलेलाच हवा. जाहिरात पाहून पैसे भरू नयेत. पीएच.डी.ला ही सवलत नाही. वकिलीच्या पदवीलाही ती लागू होत नाही, कारण बार कौन्सिलचे नियम वेगळे आहेत. म्हणजे साकोलीसारख्या तालुक्याच्या गावात राहून बी.कॉम. नियमित आणि पत्रकारिता मुक्त विद्यापीठातून, हा मार्ग खुला आहे. मुलीचे काम झाले.

आता वडिलांचा प्रश्न. पेपरवाल्याचे पोट भरते का? आणि त्याहून मोठा प्रश्न, आपल्या पेपरचे पोट का भरत नाही?

२९ सप्टेंबर २००६ रोजी आमच्याच भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर या भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मी तेव्हा नागपुरात कायद्याचा विद्यार्थी होतो. मोठ्या वृत्तपत्रांनी कित्येक आठवडे या हत्याकांडाला त्याची जागा दिली नाही. दिली तेव्हाही मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर शंका घेणारी भाषा आधी आली आणि जातीचे नाव नंतर आले. समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा कुठे देशाला कळले की भंडारा जिल्ह्यात काय घडले आहे. पुढे २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना शिक्षा ठोठावल्या. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र त्या न्यायालयाने लागू मानला नाही आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही मानला नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये गेले. वकील म्हणून मी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. पहिल्या आठवड्यात जे छापले जात नाही, ते पुढे सिद्ध करणे फार अवघड जाते.

त्या संतापात आम्ही पाच मित्रांनी एक पाक्षिक काढले. मजकुराची कधीच कमतरता पडली नाही. गावोगावचे कार्यकर्ते लिहून पाठवत, कवितांचा तर ढीग पडायचा. अकरा अंक निघाले आणि बंद पडले. का बंद पडले? कुणी दडपशाही केली म्हणून? नाही. छापखान्याचे बिल थकले होते. वर्गणीदारांच्या वहीत नावे होती, पत्ते नव्हते. पावतीपुस्तके तिघांकडे होती, हिशेब कुणाकडेच नव्हता. विक्रेत्यांकडून किती अंक परत आले आणि किती विकले गेले, हे आम्ही कधी मोजलेच नाही. पाचही जण लिहिणारे होतो. जमाखर्च लिहिणारा एकही नव्हता. आम्ही मात्र 'समाजाने साथ दिली नाही' असे म्हणून मोकळे झालो. आज वाटते, समाजाने पैसे दिले होते, ते सांभाळण्याची विद्या आमच्याजवळ नव्हती.

बाबासाहेबांकडे ही विद्या होती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. शाहू महाराजांनी या पत्राला अडीच हजार रुपयांची मदत केली, हे आपण अभिमानाने सांगतो. 'केसरी'ने पैसे घेऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला, हेही संतापाने सांगतो. पण ते पत्र काढणारा माणूस वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना शिकवणारा प्राध्यापक होता, हे आपण सांगायला विसरतो. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले, तेव्हाही ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. एका हातात व्यापारी कायदा आणि दुसऱ्या हातात अग्रलेख! लंडनमध्येही त्यांनी अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी यांचा अभ्यास बरोबरीनेच केला होता. दोन विद्या एकत्र शिकण्याचा धडा आपल्याला आयोगाच्या परिपत्रकातून घेण्याची गरज नाही.

तरीही 'मूकनायक' टिकले नाही आणि 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्ये थांबले. बाबासाहेब रकानेच्या रकाने एकहाती लिहीत. पैशाची ओढाताण इतकी होती की 'बहिष्कृत भारता'चे ऋण वाचकांपुढे मांडून त्यांना स्वतंत्र लेख लिहावा लागला. एवढ्या विद्वान माणसालाही एकट्याने लेखणी आणि खतावणी दोन्ही ओढणे जड गेले. मग १९३० मध्ये 'जनता' निघाले, ते १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' होईपर्यंत चालले. यातून आपण काय शिकायचे? पत्र चालवायला त्याग लागतो, हे आपण शिकलो. त्यागाची पावती लिहिणाराही लागतो, हे शिकायचे राहून गेले.

आता माझाच एक गुन्हा कबूल करतो. वकिलीत जाहीर नोटीस हा रोजचा मामला आहे. जमिनीचा व्यवहार असो, दस्तऐवज हरवलेला असो, वारसाहक्काचा प्रश्न असो, वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते. प्रतिवादीला समन्स बजावता येत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नियम २० प्रमाणे न्यायालय वर्तमानपत्रात प्रसिद्धीचा हुकूम करते. या सगळ्याचे पैसे पक्षकार भरतो आणि ते वर्तमानपत्राला मिळतात. माझे निम्म्याहून अधिक पक्षकार आपल्याच समाजाचे आहेत. त्यांच्या नोटिसा मी वर्षानुवर्षे कुठे दिल्या? मोठ्या पेपरांत. कारण काय? न्यायालय विचारते की प्रतिवादी जिथे राहत होता त्या भागात हे दैनिक वाचले जाते काय. नागपूरहून शंभर किलोमीटरवर आमचे गाव. मोठ्यांचे गठ्ठे उजाडण्याआधी बसस्थानकावर पडतात. आपल्या चळवळीची पत्रे कधी दुपारी, कधी दुसऱ्या दिवशी येतात. विचार कितीही तेजस्वी असला तरी तो बारा तास उशिरा पोचला, तर न्यायालयाच्या लेखी त्या भागात तो पेपर नाहीच.

हे दुखणे अग्रलेखाने बरे होणार नाही. वाचक जी किंमत देतो तीत बहुतेक दैनिकांचा छपाईखर्चही निघत नाही. उरलेले जाहिरातीतून येते. गठ्ठा कोणत्या गाडीने पाठवायचा, एजंटाची अनामत किती घ्यायची, परतीचे अंक कसे कमी करायचे, खपाचा दाखला कसा मिळवायचा, सरकारी जाहिरातींच्या यादीवर पत्र कसे न्यायचे, हे सारे शिकण्याचे विषय आहेत. १८६७ चा जुना कायदा जाऊन त्या जागी वृत्तपत्रे व नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. त्यातही वार्षिक विवरणपत्र भरावे लागते. ज्याला ताळेबंद वाचता येतो तोच ते भरणार. नुसती बातमी लिहिता येणारा मुलगा शेवटी दुसऱ्याच्या पेपरात नोकरी करील. बातमी आणि ताळेबंद दोन्ही येणारी मुलगी उद्या स्वतःचे पत्र उभे करू शकेल.

यावर आपल्यातलेच काही विचारवंत म्हणतील, पत्रकारितेत धंदा शिरला म्हणूनच ती नासली, आणि तुम्ही आमच्या मुलांना धंदा शिकवता? आक्षेप खोटा नाही. १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावरील व्याख्यानात बाबासाहेबांनीच खंत व्यक्त केली होती की पत्रकारिता हा एकेकाळचा पेशा आता व्यापार झाला आहे आणि साबणाच्या कारखान्याइतकेही नैतिक भान तिच्यात उरलेले नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या महाराष्ट्रात पैसे घेऊन बातम्या छापल्याची प्रकरणे पी. साईनाथ यांनी उघडकीस आणली, ती काही जुनी झालेली नाहीत. पण बाबासाहेबांचा राग बातमी विकण्यावर होता, हिशेब ठेवण्यावर नव्हता. ज्याला पत्राच्या तिजोरीत पैसा कुठून येतो हे कळते, त्यालाच कोणता पैसा नाकारायचा हेही कळते. ज्याचे बिल थकलेले आहे, तो निवडणुकीच्या तोंडावर पाकीट घेऊन येणाऱ्याला नाही कसे म्हणणार? कर्जबाजारी संपादक स्वाभिमानी राहील ही अपेक्षा अन्यायाची आहे.

आता अडचणीचे बोलू, कारण ती खरी आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती एका वेळी एकाच अभ्यासक्रमाला मिळते. म्हणजे दोन पदव्यांचे दार उघडले, पण दुसऱ्या दाराची फी स्वतःच्या खिशातून. ज्यांच्या घरी खिसा भरलेला आहे त्यांची मुले दोन पदव्या घेऊन बाहेर पडतील आणि मुलाखतीत आपल्या एका पदवीवाल्या मुलांच्या पुढे बसतील. सवलत सर्वांना सारखी दिसते, तिचा लाभ सारखा नसतो. शिवाय वेळेचा प्रश्न आहे. ही मुलगी रोवणीच्या दिवसांत चिखलात उभी असते, संध्याकाळी भावंडांचे पाहते. दोन परीक्षा एकाच महिन्यात आल्या तर ती एकीत नापास होऊ शकते. नापास झाली तर शिष्यवृत्तीही अडचणीत येईल. हे मी तिच्या वडिलांसमोरच तिला सांगितले. पहिल्या वर्षी झेपले नाही तर दुसरी पदवी एक वर्ष मागे ठेव, बी.कॉम. सोडू नकोस, असेही सांगितले.

पण फक्त मुलीला सल्ला देऊन माझी आणि तुमची जबाबदारी संपत नाही. आपण दर वर्षी जयंतीला वर्गणी काढतो. ती काढावी. त्याच वर्गणीतून प्रत्येक तालुक्याने एका मुलाची किंवा मुलीची दुसऱ्या पदवीची फी भरावी, आणि पावतीपुस्तकासह हिशेब विहाराच्या फळ्यावर लावावा. माझ्या वकील बांधवांना दुसरी विनंती. जिथे न्यायालयाची अडचण नाही अशी प्रत्येक नोटीस आधी आपल्या पत्राला द्या. आणि पत्रांच्या चालकांनाही स्पष्ट सांगतो, नोटीस छापली की अंक आणि पक्के बिल आठवड्यात हाती पडले पाहिजे. समाजाचे पत्र आहे म्हणून चालढकल खपवून घेण्याचे दिवस गेले.

१९५४ मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना आपल्या जिल्ह्याने पराभूत केले. त्या पराभवाची खंत आमचे आजोबा मरेपर्यंत बोलून दाखवत. त्याच जिल्ह्यातली एक मुलगी आज लेखणी आणि खतावणी दोन्ही मागते आहे. निघताना तिच्या वडिलांनी विचारले, "दुसरीची फी किती पडते?" मी सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अर्धी मी पाहतो."

उरलेल्या अर्ध्या फीचे पहिल्या वर्षाचे पैसे मी देत आहे. पुढच्या दोन वर्षांचा प्रश्न मात्र साकोलीच्या समाजबांधवांपुढे ठेवतो. जयभीम!